अर्ज कोणाच्या नावे

खडोली, सिल्वासा
१० फेब्रुवारी १९९८

तीर्थरूप आबा,
वाल्मिक तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. मी बरा आहे, डबा वेळेवर मिळतो. आईचा गुडघा कसा आहे?

कारखान्यात काम जरा हलकं आहे. बाहेरच्या देशांतला धागा आमच्यापेक्षा स्वस्त येतो, म्हणून आठातल्या तीन मशिनी झाकून ठेवल्या आहेत. माझी चालू आहे.

तुम्ही जन्मभर तहसील कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिले, हे मी इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय. त्यामुळे अर्ज लिहायला मलाच बसवलं. बाहेरच्या धाग्यावर कर वाढवा, एवढंच मागितलं. खाली सह्या आणि अंगठे. हा केंद्रशासित भाग, इथे विधानसभा नाही, आमदार नाही, म्हणून थेट सरकारी साहेबांकडे गेलो.

साहेबांनी चहा पाजला, अर्ज पूर्ण वाचला. म्हणाले, "अक्षर छान आहे. दिल्लीला पाठवतो. पण बाहेरच्या देशांशी करार झालेत, आता कर वाढवणं दिल्लीच्याही हातात फारसं नाही."

मी म्हटलं, "मग ज्यांच्या हातात आहे त्यांच्या नावे लिहून आणतो. नाव सांगा."

साहेबांनी शिपायाला माझ्यासाठी आणखी एक चहा आणायला सांगितलं.

मतदानाला मी गावी येतोय. या वेळी रजा न मागताच मिळाली, पण आईला तसं सांगू नका.

अर्ज पुन्हा स्वच्छ लिहून ठेवलाय, सोबत आणतो. आधी नाव, मग मागणं, असं तुम्हीच शिकवलंत. वरची ओळ तेवढी कोरी आहे. तिथे काय लिहू, ते तुम्ही सांगा.

तुमचा,
वाल्मिक