भोंग्याची तालीम

३ फेब्रुवारी

समोरची सहा मजली पाडायचं ठरलं. बंद पडलेल्या कारखान्याची इमारत. खांब फुगलेत, सळ्या बाहेर आल्यात. पाडायलाच हवी. कशी — यावर ग्रामपंचायतीत भांडण.

ठेकेदार जीवन म्हणतो, बारुद. खांबांत भरायची, एका दमात खाली. "अर्धा दिवस गल्ली खाली करा मॅडम, संध्याकाळी घरी या."

मी म्हणाले, नागपूरहून लांब हाताचं मशीन आणा. वरून एकेक मजला उतरवा.

"पावसाळा लागन तेवढ्यात. तवरक धूळ कोण खाईन?"

माणूस बोलताना दात कोरतो.

४ फेब्रुवारी

धूळ खाणारा घरातच आहे. सासरे, नानाजी. कोळशाच्या खाणीत सुरुंग उडवण्यात जन्म गेला, छाती तिथंच राहिली. नवरा वारल्यापासून आम्ही दोघंच. एकमेकांना टाळायला खोल्या पुरत नाहीत.

"तुले काय समजते बारुद? पोरायले कविता शिकव."

"बारुद उडवण्याआधी भोंगा वाजला तरी गल्लीतलं कोणी उठणार नाही," मी म्हणाले. "खाणीचा रोजच वाजतो. तुम्हीच सवय लावलीत."

"माह्या भोंग्यानं माणसं पयत होती."

"खाणीतली."

नानाजी अर्धी भाकर टाकून उठले. बरं झालं.

लग्न होऊन राजूरला आले तेव्हा मी दुपारच्या भोंग्याला दचकायची. हातातलं भांडं पडायचं. हसणारे हेच.

९ फेब्रुवारी

पंचायतीत सगळ्यांसमोर मी भोंग्याचं तेच बोलले. जीवननं दात कोरणं थांबवलं.

"मंग तालीम घेऊ. कधी, ते सांगणार नाही. भोंगा वाजवतो, सगळे दोरीपलीकडे. एक बी माणूस घरात सापडला तं बारुद नाही. मशीन आणतो."

शेजारची नंदाबाई म्हणाली, "मास्तरीणच लपन खाटेखाली." सगळे हसले.

"मला लपायची गरज नाही. तूच बसलेली असशील घरात."

१० फेब्रुवारी

नानाजींनी चपला खाटेजवळ आणून ठेवल्या. काठी उशाशी. बोलणं बंद.

१३ फेब्रुवारी

तालीम झाली.

गल्ली रिकामी झाली. सगळी! नंदाबाई कोंबड्या टोपलीत घालून गेली. नानाजी सगळ्यांच्या आधी, तोंडाला ओला रुमाल. मला हाक मारली नाही.

मी टेबलाशी सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. जीवननं दार ढकललं तेव्हा मान वर केली.

"मुद्दाम बसल्या ना, मॅडम?"

"हो."

"शब्द देल्ला आहे. आणतो मशीन." जाताना उंबऱ्याबाहेर थुंकला.

दोरीपलीकडचे परतले. कोणी माझ्याकडे बघेना. नानाजी तेवढे दारात थांबले.

"जितली तू. आता मी धूळ खातो."

२ मार्च

मशीन चालू झालं. पाण्यावर धूळ, भातावर धूळ. नानाजी भिंतीकडे तोंड करून खोकतात. हट्टापायी सासऱ्याला मारते, असं नंदाबाई नळावर सांगते. सांगू दे.

मी मुद्दाम बसले नव्हते. भोंगा मला ऐकूच आला नाही.