भावजींच्या कठड्यावरचा कावळा

मार्गशीर्षातला गुरुवार, दिवेलागण

आज भावजी गच्चीवरच्या माझ्या खोलीत आले. तोंड पार उतरलेलं. "वैनी, दादा आजबी आला व्हता."

"येऊ द्या की. सख्खा भाऊ हाय तुमचा. च्या तरी पाजलात का?"

ह्यांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवंना. तवा भावजी सगळ्यांदेखत हात जोडून बोलले, "दादा, वैनीचा वाटा तिलाच देईन." लगेच शिवला. आन् वरीस सरायच्या आत माझ्या वाट्यासकट रान बिल्डरला दिलं. त्याच रानावर ही बिल्डिंग. भावजींना फ्लॅट, मला गच्चीवरची खोली.

मग मी बी रोज सकाळी वरनं त्यांच्या कठड्यावर भाकरीचा तुकडा टाकायला लागले. कावळा येतो, मान वाकडी करून घरात बघत बसतो. हे बी ऐकताना तशीच मान वाकडी करायचे. भावजींची झोप उडाली. मला लय हसू यायचं.

आज रडकुंडीला येऊन म्हणाले, "फ्लॅट तुमच्या नावावर करतो. पण दादाला थांबवा."

"कागद करा. मी सांगते त्यांला."

जिंकले की! मग गोड का वाटंना? सकाळच्या धुक्यात ती वाकडी मान दिसली, की माझ्याच तोंडातनं हळूच निघतं, "अहो, आलात?" मग खुळं कोण झालं, भावजी का मी?

फ्लॅट घेईन, सोडणार नाय. तुकडा मात्र उद्या माझ्या कठड्यावर ठेवते. बघू, माझ्याकडं येतात का.