बिशप, मेजर, मॅडम आणि टिकी यांचं जेवण

शनिवार, ४ मे
सगळ्यांत आधी टपकली न्याम्होने. बोलावलं कुणी नव्हतं, पण माझ्या मुलाची गाडी वाजली की ही शेजारीण माझ्याआधी दारात. मग यामिकानी उतरला, आणि मागून काचेची पेटी पोटाशी धरून माझी नात लुसुंगु! लिलोंग्वेत घर बदलतायत, तोवर तिचे चार मासे माझ्याकडे. सुनेच्या आईकडे नाही ठेवले, लिहून ठेवते.
निळेशार आहेत, आपल्याच तळ्याच्या खडकांतले. बिशप, मेजर, मॅडम आणि फाटक्या शेपटीचा टिकी.
लुसुंगुने हिरव्या चुऱ्याची डबी दिली. म्हणाली, आजी, दिवसातून एकदा चिमूटभर. मासळी-मांस अजिबात नको, पोट फुगतं त्यांचं. मी हो हो म्हटलं. नऊ वर्षांची पोर मला मासे शिकवते! माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षं याच तळ्यात जाळं टाकलं.

रविवार, ५ मे
चिमूट दिली. घटकेत फस्त. चौघे काचेला तोंड लावून माझ्याकडे टकामका बघतायत. पाहुण्याने असं बघायचं? आमच्यात मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा गोळा पोटात गेला नाही तर जेवण झालं असं कुणी म्हणत नाही, मग बाकी कितीही खा. शेंगदाण्याएवढा गोळा सोडला. आजच्या दिवसच.

मंगळवार, ७ मे
न्सिमा कोरडा कसा उतरेल? सोबत वाळवलेली उसिपा मासळी कुटून घातली. बिशप उडालाच त्यावर!
न्याम्होने मला म्हणाली, न्याबांडा, हे खडकावरचं शेवाळ चाटणारे मासे गं. म्हटलं, दुष्काळात आपणही कोंडा खाल्ला, आवडत होता का?

गुरुवार, ९ मे
चौघांनी बाळसं धरलंय. मॅडमला अंडी आहेत, मी ओळखते, सात बाळंतपणं केलीत.
न्याम्होने म्हणते, मासे सांभाळतेस की लग्नासाठी डुकरं? जळते मेली. तिची नातवंडं तिच्याकडे कोंबडीसुद्धा ठेवत नाहीत.

शनिवार, ११ मे
बिशप तळाशी बसून धापा टाकतो. तोंड फिरवतो. अशक्तपणा असणार. उसिपा वाढवली.

सोमवार, १३ मे
सकाळी बिशप गेला. वय झालं असेल. दुपारी मॅडम. अंडी नव्हती.
मला हात लाववेना जेवणाला. उद्यापासून चिमूटच. नक्की.

बुधवार, १५ मे
काल मेजर. चिमूट दिली होती, खाल्ली नाही.
न्याम्होने तळ्यात गुडघाभर पाण्यात गेली, शेवाळाचा दगड आणून पेटीत ठेवला. टिकी टम्म फुगलाय. दगडाजवळ जातो, तोंड उघडतो, परत फिरतो.
ती म्हणाली, निळे काय, ढिगाने आहेत, संध्याकाळपर्यंत चार धरून आणू, पोरीला काय कळतंय. मी बादली घेऊन खडकापर्यंत गेले. पण कळेल तिला. एकेकाची सवय ठाऊक आहे पोरीला. रिकामी बादली घेऊन परतले.

शुक्रवार, १७ मे
टिकी पहाटे.
दुपारी यामिकानीचा फोन. मधेच लुसुंगुने ओढून घेतला. आजी, खातात का गं नीट?
म्हटलं, खूप खाल्लं बाळा.
तिला आनंद झाला. पुढे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने फोन ठेवला.
परवा रविवारी, १९ तारखेला येतो म्हणालेत.