साडूभाऊंवर जीव जडलेला कॅमेरा

ती. साडूभाऊ यांना,

वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरली, पण नमस्कार पुरा झाला.) तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईंचा खोकला थांबला का? माझ्या छातीत अधूनमधून काहीतरी फडफडतं. डॉक्टर म्हणतात, गॅस आहे. त्यांच्यावर विश्वास ठेवून बसलो आहे. पुढची हकिगत फोनवर सांगता येत नाही, कारण फोन वाजला की आमची ही माझ्याआधी तिथे पोहोचते.

आपण दोघांनी एकाच दुकानातून कॅमेरे घेतले तो दिवस आठवा. दुकानदार म्हणाला होता, "आजोबा, दोघे जुळे भाऊ आहेत. तुमच्याला एक बटण कमी, एवढंच." तिथेच काउंटरवर तुम्ही मला चेहरा भरून ठेवायची सोय शिकवलीत. कॅमेऱ्याला एखादा चेहरा ओळखीचा करून दिला की चारचौघांत तो आधी त्याच्याकडे बघतो. दाखवण्यापुरता म्हणून तुम्ही तुमचाच चेहरा भरलात, पहिल्या क्रमांकावर. मग चहा आला आणि पुढचं शिकायचं राहून गेलं.

त्यानंतर आपण चौघं तळ्याकाठी गेलो, बागेत गेलो, तुमच्या गच्चीवर बसलो. दर वेळी माझ्या कॅमेऱ्याने तुम्हालाच शोधून काढलं, अगदी बाकामागे वाकून तुम्ही बुटाची नाडी बांधत होतात तेव्हासुद्धा. तुम्ही नसलात की तो कावराबावरा होतो. परवा स्वयंपाकघरात त्याने भोपळ्याभोवती चेहरा सापडल्याची हिरवी चौकट आखली. (राग मानू नका. क्षणभर मीही फसलो.)

या सगळ्यात आमची ही प्रत्येक फोटोत धूसर. तिला वाटायचं, आपल्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे म्हणून असं दिसतं. मला वाटायचं, माझा चष्मा जुना झाला. गेल्या महिन्यात तिचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिने आधी फोटो मागितले आणि म्हणाली, "अहो, भाओजींच्या कानातले केस मोजता येतायत, आणि मी म्हणजे चहावरची वाफ? चिरले माझे डोळे, आणि दोष तुमच्या डब्यात!" तेव्हापासून मी कॅमेरा काढला की ती उठून आतल्या खोलीत जाते. साडूभाऊ, दुपारी ती खिडकीशी भाजी निवडत बसते तेव्हा तिच्या पांढऱ्या केसांत ऊन अडकून राहतं, जणू त्याला पुढे कुठे जायचंच नाही. ते मला एकदा तरी स्वच्छ धरून ठेवायचं आहे. आणि माझी छाती ही अशी.

दुकानदाराने सांगितलं, अपडेट करा. मी दोन्ही कॅमेऱ्यांच्या अपडेटची माहिती छापून आणली आणि शब्दकोश घेऊन बसलो. (शाळा मी लवकर सोडली. तिनेही मला फारसं धरून ठेवलं नाही.) तुमच्या कॅमेऱ्याला काय काय मिळालंय! तो पाखरांचे डोळे ओळखणार, मांजरांचे ओळखणार. भरलेल्या चेहऱ्यांचा क्रम बदलता येणार, नको तो चेहरा पुसताही येणार. माझा कॅमेरा मात्र चेहरा पुसायला गेलं की विचारात पडतो आणि बंद होतो. त्याच्या वाट्याला एकच ओळ आली होती: स्थैर्यात सुधारणा.

तरीही केलं. मध्येच बंद पडला तर कॅमेरा कायमचा जाईल अशी तंबी होती, म्हणून वाऱ्याने बटण दाबलं जाऊ नये यासाठी पंखासुद्धा बंद केला. कॅमेरा टेबलावर, मी समोर हात जोडून. त्यावरचा, काम किती झालं ते दाखवणारा छोटा पट्टा ढगासारखा सरकत होता, खिडकीचा पडदा श्वास घेतल्यासारखा फुगत होता. डोळा कधी लागला कळलं नाही. स्वप्नात आपण तळ्याकाठी होतो, तुम्ही पाण्यात विरघळत चालला होतात आणि ही इतकी स्पष्ट होती की तिच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसत होती. ती आठी माझ्यासाठीच होती. फार बरं वाटलं.

जाग आली तर काम झालेलं. ही खिडकीशी पाठमोरी होती. मी हळूच हाक मारली. तिने मान वळवली. चौकट तिच्या गालावर टेकली, घुटमळली, खांद्यावरून मागे गेली आणि भिंतीवरच्या तुमच्या फोटोवर जाऊन बसली. हिरवीगार, जरासुद्धा न हलता. स्थैर्यात सुधारणा झाली खरी.

असो. मन मोकळं झालं. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा घाबरट साडू

ता. क. आत्ताच ताईंचा फोन आला. तुमच्या फोटोंत त्या वाफ आणि मी लख्ख, असं त्या म्हणतात! त्या दिवशी सराव म्हणून मी तुमच्या कॅमेऱ्यात माझाच चेहरा भरला होता म्हणे. तुम्ही अजून अपडेट केलेलं नाही, असंही कळलं. हात जोडून विनंती, करूच नका, नाहीतर तो माणसं सोडून पाखरांचे डोळे शोधत बसेल. रविवारी आपण कॅमेरे बदलून घेऊ. तुमच्यात पहिला मी, पण मी तर कॅमेऱ्याच्या मागे उभा असणार. मला शोधून दमला की तो नाइलाजाने समोर बसलेल्या हिच्याकडे बघेल. तुम्ही माझ्या कॅमेऱ्याने तसंच ताईंकडे बघा.

ता. क. दुसरा. हिने माझ्या खांद्यावरून हे सगळं वाचलं. रविवारी फोटोला बसते म्हणाली. यापुढे माझ्या फोटोंत तुम्ही धूसर याल. वाईट वाटून घेऊ नका. सवय होते, असं ती म्हणते.