द्वारकेचे कुरळे केस

डोणगाव
माघ महिना, १९७१

प्रिय द्वारका,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तुझे बाबा ओसरीवर बसून मोठ्यानं वाचत होते. केसांचा मजकूर आला तसे ते अडखळले आणि "हे तुझ्याच कामाचं आहे" म्हणून पत्र माझ्या हातात देऊन गोठ्याकडे निघून गेले. वसतिगृहातल्या मुली तुला झिपरी म्हणतात, रेक्टरबाई म्हणतात की उद्याच्या शिक्षिकेचे केस कसे चापूनचोपून बसलेले हवेत, आणि बुलढाण्याच्या पाण्यानं तर केसांचा पार काथ्या झाला आहे, हे सगळं वाचलं. शेवटी तू लिहिलंस, "मावशी, तुझी ती जवसाची कृती सविस्तर लिहून पाठव, नाहीतर मी कात्री लावून मोकळी होते." बाई गं, कात्री जरा बाजूला ठेव. आधी कृती सांगते.

मूठभर जवस घे. भाजायची नाही, कच्चीच. तांब्याभर पाण्यात घालून मंद आचेवर ठेव आणि ढवळत राहा. पाण्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की लगेच उतरव, आणि गरम असतानाच जुन्या पातळ लुगड्याच्या फडक्यातून गाळ. थंड झाल्यावर गाळायला गेलीस तर हात दुखतील पण थेंब पडणार नाही. डोकं आठवड्यातून एकदाच धू, शिकेकाईनं. त्या मुली वापरतात तो साबण तू लावू नकोस. धुण्याआधी तिळाचं तेल कोमट करून बोटांनी मुळाशी जिरव. आणि फणी फिरवायची ती केस ओले असतानाच, खालच्या टोकापासून वर वर. कोरड्या केसांत फणी घातली की तू म्हणतेस तसं डोक्याचं बाभळीचं झाड होणारच. धुऊन झालं की पंच्यानं खसाखसा पुसू नकोस, नुसतं दाबून पाणी टिपून घे. मग हे जवसाचं पाणी हातावर घेऊन केसांना खालून वर मुठीत दाब, बोटाभोवती एकेक बट गुंडाळ आणि सोडून दे. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर जरा कडक वाटतात, तेव्हा तेलाचा हात फिरवला की मऊ पडतात आणि बटा तशाच राहतात. शाळेत जाताना मागे सैल अंबाडा घाल. रेक्टरबाईंना चापून हवे आहेत ना, मग पुढचे तेवढे ओले असताना पाण्याच्या हातानं बसव. त्यांचंही राहील आणि केसांचंही.

यंदा आपल्या वावरातली जवस चांगली आली आहे. बुलढाण्याला येणाऱ्या माणसाबरोबर पायलीभर पाठवते. तुझ्या इथल्या आजीचे गुडघे दुखतात, पण तोंड ठणठणीत आहे. कपिलेला कालवड झाली. कपाळावर पांढरा ठिपका आहे आणि दिवसभर अंगणात उड्या मारते.

ही कृती माझी नाही, हे तुला ठाऊक आहे. ती मी कशी शिकले, हे मात्र तुला नीट ठाऊक नसावं. तू तेव्हा सात वर्षांची होतीस. आज ते सांगावंसं वाटतंय.

मी या घरात आले ते महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात. तुझी आई सत्यभामा जाऊन तेव्हा सहा-सात महिने झाले होते. मी ऐन विशीतली, बिजवराला दिलेली. बोहल्यावरून उतरून उंबरठा ओलांडला तेव्हा मला पहिली तूच दिसलीस, खांबाला टेकून उभी, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. मला वाटलं, पोरीला उवा झाल्या असतील. मी फडक्याला हात लावायला गेले तर तू माझ्या मनगटाला चावलीस. तुझी इथली आजी, म्हणजे माझी सासू, म्हणाली, "तिच्या डोक्याले हात लावू नको. कोणालेच लावू देत नाई ते." तिनं आधी प्रयत्न केले होते. कोरड्या केसांत फणी घालून ओढायची, तू किंचाळायचीस, शेवटी ती थकली. सासूबाई वाईट नव्हत्या गं. सून गेलेली, घरातलं सगळं अंगावर पडलेलं, आणि त्यांचे स्वतःचे केस शेपटीसारखे सरळ. अशा केसांचं काय करायचं ते त्यांना माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं.

त्यात पावसाळ्यात तुला गोवर निघाला. उशीवर डोकं घासून घासून मानेमागचे केस एकात एक शिरले. तू उठून बसलीस तेव्हा तिथे लोकरीच्या घोंगडीसारखा एक गोळा झाला होता. शेजारच्या पुष्पाबाईनं तो पाहिला मात्र, हात जोडून कपाळाला लावले आणि सासूबाईंना म्हणाली, "झुंबरबाई, पोरीले जट आली. देवीनं मागितली हे पोरगी." झालं. त्या दिवसापासून त्या गोळ्याला हळदकुंकू लागायला लागलं. शुक्रवारी आळीतल्या बाया येऊन तुझ्या पाया पडायच्या, आणि तू भेदरून माझ्याकडे नाही, भिंतीकडे पाहत बसायचीस. जट विंचरायची नाही, कापायची नाही, आणि नवरात्रात पोरगी देवीच्या नावानं सोडायची, असं ठरलं. देवीच्या नावानं सोडलेल्या मुलीचं पुढे काय होतं, ते मी माझ्या माहेरच्या गावात पाहिलेलं होतं. तिला शाळा नाही, लग्न नाही. परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा, आणि गावानं तिच्याकडे हव्या त्या नजरेनं पाहायचं. मी तुझ्या बाबांना म्हटलं, काहीतरी बोला. ते नुसतेच म्हणाले, "माय भ्याली हाये. एक सून गेली, आता नात जाईल म्हणून भ्याली हाये." त्यांचं खरं होतं. पण भ्यालेल्या माणसाच्या हाती पोर द्यायची का?

मला एवढंच सुचलं की असे केस आले कुठून, तिथे जाऊन विचारावं. सासूबाईंना सांगितलं, "मी द्वारकेले घेऊन लोणारले जाते, तिच्या आजीकडं." त्या बघतच राहिल्या. "सवतीच्या मायजवळ? ते तुले उभी तरी करीन का?" मी म्हटलं, नाही केलं तर परत येईन.

खरं सांगू, एसटीत मी वाटभर काय बोलायचं ते मनात घोकत होते. तुझ्या लोणारच्या आजी, अन्नपूर्णाबाई, मळ्यात मेथी खुडत होत्या. त्यांनी आधी तुला पाहिलं, मग तुझं फडकं सोडून डोकं पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. बस म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "माह्या लेकीच्या जागेवर बसली तू. अन् तिच्या पोरीचं डोकं सांभाळता आलं नाई तुले?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी म्हटलं, "नाई आलं. म्हणूनच तुमच्यापाशी आली. शिकवा मले." वाऱ्यानं त्यांचा पदर डोक्यावरून सरकला आणि मला त्यांचे केस दिसले. पांढरेशुभ्र, आणि तुझ्यासारखेच कुरळे, जसं कापसाचं बोंड फुटावं तसे. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "चूल पेटव. जवस घरात हाये."

पाणी त्यांनी गोमुखाच्या धारेवरून आणवलं. तळ्याचं खारं पाणी केसांना वैरी, असं म्हणाल्या. मला वाटलं होतं, त्या स्वतः गुंता सोडवतील आणि मी बघेन. पण त्यांनी तेलाची वाटी माझ्याच हातात दिली. "माहे हात नको. तुहे हात लागू दे तिले. मी किती दिवस पुरणार?" गोळ्यात तेल मुरवायचं, वर जवसाचं पाणी चोपडायचं, ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं, आणि मग मुळाशी केस एका हातानं घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी खालून एकेक धागा मोकळा करायचा. मुळाशी धरलं की ओढ डोक्याला लागत नाही. हे एवढं साधं आहे, पण मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी तू आजीच्या लुगड्याच्या आड लपलीस. दुसऱ्या दिवशी पाठ फिरवून बसलीस, पण बसलीस. आजी समोर बसून वांगी निवडायची आणि तुझ्या आईच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायची. ती चिंचेच्या झाडावरून कशी उतरेना, मास्तरांच्या टोपीत तिनं बेडूक कसा ठेवला. एका दुपारी तू ऐकता ऐकता मागे कललीस आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेलीस. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण मी हलले नाही. आजीनं पाहिलं, आणि काही न बोलता माझ्या पाठीशी गोधडीची घडी सरकवून ठेवली.

गोळा सुटत सुटत आत गेलो तेव्हा एक बारीक वेणी निघाली, करंगळीएवढी, शेवटाला लाल फीत बांधलेली. माझे हात थांबले. आजीच्या हातातलं वांगं गळून पडलं. ती फीत त्यांनीच दिवाळीला तुझ्या आईला पाठवली होती. आजारी पडायच्या आधी तिनं तुझी घातलेली ती शेवटची वेणी होती, आणि ती कोणी सोडू नये म्हणून तू इतके महिने डोक्याला हात लावू दिला नव्हतास. कोणत्या देवीनं तुला मागितलं नव्हतं, द्वारके. तू तुझ्या आईला धरून बसली होतीस. मी तुला म्हटलं, "हे वेणी तू म्हणशील तवाच सोडू. नाई म्हणलीस तं नाई." तू दोन दिवस ती मुठीत धरून हिंडलीस. मग एका सकाळी न्हाणीजवळ येऊन बसलीस आणि म्हणालीस, "मावशी, सोड." ते तुझं मला उद्देशून पहिलं बोलणं.

डोणगावला परतलो तेव्हा आजी आपणहून सोबत आल्या. तुझे मोकळे, चमकणारे केस पाहून पुष्पाबाई ओरडली, "देवीचा कोप होईन!" सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी भर अंगणात, आळीतल्या बायांसमोर, डोक्यावरचा पदर काढला, अंबाडा सोडला आणि सगळे केस खांद्यावर मोकळे केले. "हे पाहा. माहे असेच. माह्या सत्यभामाचेबी असेच व्हते, तुमच्याच घरात नांदली ते. तिले कोणत्या देवीनं मागितलं व्हतं? हे देवीचं नाई, झुंबरबाई. हे आमच्या रक्ताचं हाये." सासूबाई हळूच पुढे आल्या, तुझ्या एका बटेला बोट लावलं, ती सोडली तर ती उडून पुन्हा गोल झाली, आणि त्यांना एकदम हसूच आलं. हसता हसता रडल्या. त्या नवरात्रात तू देवीला गेलीस ते ओटीचं ताट घेऊन, माझं बोट धरून. दिवाळीनंतर शाळेत नाव घातलं.

आता खरं ते लिहिते. नुसती कृती असती तर कार्डावर मावली असती. मागच्या आठवड्यात मी लोणारला जाऊन आले. आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. अंदाजानं चुलीवरचं पाणी उतरवताना पायावर आधण सांडलं, पाय भाजला, आणि त्यांनी कोणाला सांगितलंही नाही. पुतण्या सहदेव भला आहे, पण त्याचं घर पोराबाळांनी भरलेलं, त्याची बायको दिवसभर मळ्यात. मी म्हटलं, चला डोणगावले. तुझे बाबा कधीचे तयार आहेत. सासूबाई तर म्हणाल्या, "घेऊन ये तिले, दोघी म्हाताऱ्या उन्हात बसू." पण आजी ऐकायला तयार नाहीत. "लेकीच्या घरी चार दिस पाव्हणी म्हणून जावं. म्हातारपण काढाले जाऊ नये." मी चिडले. म्हटलं, "मी कुठं तुमची लेक हाये? तुमची लेक तं कधीचीच गेली. मंग काऊन अडता?" त्या चाचपत मेथी निवडत होत्या, निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तू लेक नसतीस, तं आलीच असती मी." मी निघून आले, आणि एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले. म्हणून तुला हे पत्र. लेकीच्या घराला बंदी असेल, नातीच्या घराला कुठे आहे? तू आजच त्यांना लिही, सहदेव वाचून दाखवेल. मी सांगितलं असं लिहू नकोस. लिही की वैशाखात ट्रेनिंग संपवून मी घरी येते आहे, ओसरीलगतची खोली माझी झाली आहे, आणि मला तिथे एकटीला करमणार नाही.

तुझीच मावशी,
मनकर्णा