बोडीत पाणी राहत नाही म्हणे

पुणे, ५ ऑगस्ट

ती. दादास गुड्डीचा नमस्कार.

पयले आईले वाचून दाखव. आई, मी बरी आहो. दिवसा पर्यावरणाच्या कंपनीत काम, सांजच्याले एम.एस्सी.चा वर्ग. डबा चांगला आहे. तुझा गुडघा कसा आहे?

आता पुढचं मनातल्या मनात वाचजो, दादा.

आपल्या गावच्या बोडीच्या जागी होणाऱ्या गिट्टीखदानीचा अहवाल आमच्याच कंपनीत बनून राहिला. टाईप करायले माझ्याच टेबलावर आला. त्यात लिहून आहे, "बोडी (लहान तळे) पडीक आहे, पाणी राहत नाही." खाली गावकरी म्हणून तुझी सही!

काहून? सर्वेवाला आला मे महिन्यात. तेव्हा गाळ काढायले आपणच बोडी रिकामी करतो, हे त्याले नसन माहीत. तुले माहीत नव्हतं? खदानवाल्यानं तुझा ट्रक भाड्यानं लावून देतो म्हटलं, अन् तू सारा गाव विकला. त्या पाण्यावर चाळीस घरचं धान पिकते, लाज नाही वाटली?

साहेबाले खोटं आहे म्हटलं, तं म्हणे, "सही तुझ्या सख्ख्या भावाची आहे." तोंड कुठं लपवू मी?

वीस तारखेच्या जनसुनावणीले मी येऊन राहिली. नोकरी जाईन, तं जाऊ दे. आईले मात्र सांगू नको.

सगळ्यायसमोर एकच विचारीन. जिथं पाणीच राहत नाही, तिथं तू मले पोहायले कसं शिकवलं?

तुझीच शिकवलेली,
गुड्डी