तनुजाचा मोठा आवाज

मंगळवार, संध्याकाळ

तो आवाज अजून कानात आहे. मुलांच्या चाचण्या घेण्यासाठी माझ्याकडं असलेल्या सात शाळांपैकी मुरगूडच्या शाळेत आज हेडसरांनी तिसरीतल्या तनुजाची फाईल पुढं सरकवली. "मॅडम, पोरगी मंद हाय. तसा दाखला द्या, दुसऱ्या शाळंत पाठवूया." दाखला मिळाला की सर मोकळे.

चाचणीत तिनं सगळी उत्तरं बरोबर दिली, पण गल्लीपलीकडं ऐकू जातील अशी. मग दुसरीपर्यंत हुशार असलेली पोर यंदाच मंद कशी झाली? यंदा वर्गावर नव्या बाई आल्यात, अगदी हळू बोलणाऱ्या. आधीचे गुरुजी खेकसायचे. मी तिच्या मागं जाऊन हळूच नाव घेतलं. ती चित्र रंगवतच राहिली.

तिच्या आईला बोलावून म्हटलं, हिचे कान तपासून घ्या. ती ओरडलीच, "आवो, आमच्यात समदीच अशी बोलत्यात की!"

तेच तर. दुसरीकडं हा आवाज पहिल्याच दिवशी कुणालातरी खटकला असता. इथं कोल्हापूरकडं कुणाला खटकणार? मीसुद्धा कोल्हापूरचीच.

दाखल्याऐवजी कानाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. हेडसर कुजबुजले, "म्हंजे पोरगी हुशार हाय?"

"मोठ्यानं बोला सर," मी म्हटलं, "तिला ऐकू जाऊ दे."